कुळागर गहाण टाकण्याआधी डोळे तपासून घे

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून, वाळपईहून आलेलं पत्र, थोडं कापून :

"सर, मी यंदा बारावी सायन्स झाले. फिजिक्स-मॅथ्स होतं, ७८ टक्के पडले. मला पायलट व्हायचंय, हे घरी सगळ्यांना माहीत आहे. गेल्या महिन्यात पणजीला एका हॉटेलात सेमिनार होता. बाहेरच्या राज्यातल्या एका खासगी विद्यापीठाची माणसं आली होती. चार वर्षांत पदवी आणि पायलटचं लायसन्स, दोन्ही मिळतं असं पॅकेज आहे. ते म्हणाले, आता पदवीशिवाय कुठलीच एअरलाइन घेत नाही. महिनाअखेरपर्यंत ५० हजार भरले तर फीत सूट आहे. पपा कदंब बसवर ड्रायव्हर आहेत. ते म्हणतात, आधी साधी पदवी घे, मग बघू. मामा म्हणतो अमेरिकेत जा, तिथं युनिव्हर्सिटीतच विमान शिकवतात. आजी म्हणते कुळागर (सुपारी-माडांची बाग) गहाण टाका, पण पोरीला शिकवा. मला चष्मा आहे, मायनस अडीच. पदवी खरंच लागते का? चष्म्याचं काय? कुळागराचं काय करू? ता. क. मोपा विमानतळावर ग्राउंड स्टाफची भरती आहे. तोवर ती नोकरी धरू का?"

बाय,

पन्नास हजार भरू नकोस. महिनाअखेर येऊ दे नि जाऊ दे. सूट संपली म्हणून त्यांनी तुला नाकारलं, असं होणार नाही. तुझा फोन नंबर त्यांच्याकडे आहे, पुढच्या महिन्यात नवी सूट घेऊन तेच फोन करतील. पैसे भरण्याआधी तुला एक गोष्ट कळायला हवी आणि ती कुठलंही विद्यापीठ तुला सांगू शकणार नाही : वैद्यकीय तपासणीत तू बसतेस का.

माझा एक विद्यार्थी होता, वर्गात पहिल्या पाचांतला. घरच्यांनी एका संस्थेत पहिला हप्ता भरला, पोराने बॅग भरली, गावात पेढे वाटून झाले. नंतर तपासणीत कळलं की त्याला रंगांधळेपणा आहे. लाल-हिरव्यातला फरक त्याला नीट कळत नव्हता आणि अठरा वर्षं ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्या हप्त्यातले बरेच पैसे परत आले नाहीत. मुलींमध्ये हा दोष फार कमी असतो. पुरुषांत साधारण शंभरात आठ जणांना असतो, बायकांत दोनशेत एखादीला. तुझी काळजी ती नाही, पण तपासणी फक्त रंगांची नसते. रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, कान, नाक, डोळे, सगळं बघतात.

पद्धत अशी आहे. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, यांच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त डॉक्टरांची यादी आहे. त्यातला जवळचा डॉक्टर गाठायचा आणि 'क्लास टू' तपासणी करून घ्यायची. शिकाऊ परवान्याला तेवढी पुरते. व्यावसायिक परवान्याला 'क्लास वन' लागते. ती जास्त बारीक असते आणि नोकरीत असेपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावी लागते. माझा सल्ला, क्लास टू झाली की थांबू नकोस, क्लास वनही करून घे. दोन्हींचा सगळा खर्च धरला, जाण्यायेण्याचं भाडं धरलं, तरी सेमिनारवाल्यांनी मागितलेल्या रकमेपेक्षा तो कमीच होईल. आणि त्या पैशांत तुला खरं काहीतरी कळेल.

चष्म्याचं उत्तर त्यातच आहे. चष्मा आहे म्हणून नागरी पायलट होता येत नाही, ही समजूत गोव्यात घरोघरी आहे. दाबोळी विमानतळावरच्या नौदलाकडे आणि हवाई दलाकडे बघून ती झाली असावी. हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रँचला मायनस नंबर चालत नाही हे खरं. नागरी विमानांत चष्मा लावून नजर ठरलेल्या मापाला पोचत असेल तर हरकत नसते, फक्त जास्तीचा एक चष्मा जवळ बाळगावा लागतो. कुणी 'आधी लेसर करून टाक' म्हणालं तर ऐकू नकोस. शस्त्रक्रियेनंतर नजर स्थिर झाल्याचं दाखवावं लागतं आणि तुझ्या वयात नंबर अजून हलत असतो. लहानपणी फिट आली असेल, दमा असेल, काही ऑपरेशन झालं असेल तर लपवू नकोस. लपवलेलं आज खपतं आणि दहा वर्षांनी, कर्जाचे हप्ते चालू असताना, बाहेर येतं.

आता पदवीकडे वळतो.

भारतात विमान उडवायचा व्यावसायिक परवाना डीजीसीए देतं. त्याला लोक सीपीएल म्हणतात. त्यासाठी काय लागतं? वय १८ पूर्ण, बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, क्लास वन वैद्यकीय दाखला. लेखी परीक्षेत नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि दोन तांत्रिक पेपर, प्रत्येकात ७० टक्के. रेडिओवर बोलायचा वेगळा परवाना. आणि उड्डाणाचे किमान २०० तास. त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी तुझ्या एकटीची. २० तास लांब पल्ल्याचे, त्यात एक प्रवास ३०० सागरी मैलांचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. हे अंतर साधारण साडेपाचशे किलोमीटर, गोवा-मुंबई हवाई अंतराहून जास्त. शिवाय नुसत्या उपकरणांवर विसंबून उडवण्याचे तास, रात्री उतरण्याचा सराव. यात पदवी कुठेच नाही. भारतातल्या विमान कंपन्या नव्या वैमानिकाच्या जाहिरातीत मागतात तेही हेच, म्हणजे बारावी, परवाना, वैद्यकीय दाखला आणि बहुतेक वेळा विशिष्ट विमानाचं 'टाइप रेटिंग'. तेव्हा सेमिनारमध्ये जे सांगितलं ते खोटं आहे, आणि मी सौम्य शब्द शोधत बसणार नाही.

पपांना विचारून बघ. कदंबची बस चालवायला त्यांच्याकडे जड वाहनाचा परवाना आहे, बॅज आहे. त्यांनी बी.ए. केलं असतं तरी परवाना आरटीओनंच दिला असता आणि बी.ए.मुळे स्टिअरिंगवरचा एक तासही कमी झाला नसता. पायलटचं तसंच आहे. विद्यापीठाला परवाना देता येत नाही. डीजीसीएची मान्यता असते ती फ्लाइंग स्कूलला.

म्हणून त्या पॅकेजच्या माहितीपत्रकात एक गोष्ट शोध. उडवायचं कुठे? विद्यापीठाचं स्वतःचं फ्लाइंग स्कूल आहे, की दुसऱ्या कुणाशी करार आहे? करार असेल तर तो किती वर्षांचा? आणि खरा प्रश्न : २०० तासांची फी त्या पॅकेजमध्ये धरली आहे का? बऱ्याच माहितीपत्रकांत पहिल्या पानावर विमानाचा फोटो असतो आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'उड्डाण शुल्क प्रचलित दराने वेगळे' असं असतं. तसं निघालं तर तू चार वर्षं पैसे भरशील ते लेखी पेपरच्या शिकवणीसाठी आणि सिम्युलेटरच्या खोलीसाठी. तीच शिकवणी बाहेर काही महिन्यांत होते. कष्टाळू पोरं पुस्तकं आणून घरी बसूनही पेपर काढतात.

सगळी विमानविषयक पदवी वाईट, असं मात्र समजू नकोस. जिथे विद्यापीठ आणि फ्लाइंग स्कूल खरोखर एका आवारात आहेत, तास नियमित होतात आणि हिशेब उघडा आहे, तिथे पदवी आणि परवाना हातात हात घालून मिळू शकतात. ज्याच्या घरी पैशाची चिंता नाही त्याला मी हो म्हणेन. तुझ्या घरी ती आहे.

मामाच्या अमेरिकेबद्दलही बोलून टाकू, कारण पदवीची ही सगळी हवा बरीचशी तिकडून आली आहे. २००९च्या फेब्रुवारीत अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, पन्नास माणसं गेली. त्यानंतर कायदा झाला आणि २०१३पासून तिथल्या एअरलाइनमध्ये सहवैमानिक व्हायलाही १,५०० तास लागू लागले. (गंमत म्हणजे त्या विमानातल्या दोघाही वैमानिकांचे तास १,५००च्या वर होते.) पण त्याच नियमात एक सवलत आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठातून विमानचालनाची चार वर्षांची पदवी घेतली तर १,००० तास पुरतात. पाचशे तास वाचणं म्हणजे वर्षभर आधी नोकरी. म्हणून तिथे एम्ब्री-रिडलसारख्या विद्यापीठांत पोरं रांग लावतात आणि त्यांच्यासाठी तो व्यवहार शहाणपणाचा आहे. तुझ्यासाठी नाही. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या पोरीला तिथल्या एअरलाइनमध्ये टिकून नोकरी करायचा हक्क आपोआप मिळत नाही. परत आलीस तर तिकडचा परवाना इथे बदलून घ्यावा लागतो, त्यासाठी डीजीसीएचे पेपर आणि तपासण्या आहेतच. आणि इथे कॅप्टन होण्यासाठीच्या एटीपीएल परवान्याला १,५०० तास लागतात ते सगळ्यांनाच, पदवी असो वा नसो. म्हणजे ज्या सवलतीसाठी तिकडची पदवी घ्यायची, ती सवलत विमानात बसून इथे येत नाही. खर्च मात्र कोटींत जातो. मामाला हे वाचून दाखव, रागावला तर चवथीला आला की मी बोलेन.

मग पदवी घेऊच नये का? इथे मी पपांच्या बाजूचा आहे, पण 'मग बघू' हे त्यांचं वाक्य मला मान्य नाही.

वैमानिकाची नोकरी एका वैद्यकीय दाखल्यावर उभी असते. पस्तिसाव्या वर्षी साखर वाढली, हृदयाच्या आलेखात काही निघालं, एका कानाने कमी ऐकू यायला लागलं, की तो दाखला अडकू शकतो. कंपन्याही बुडतात. किंगफिशर २०१२मध्ये थांबली, जेट २०१९मध्ये, गो फर्स्ट २०२३मध्ये. दर वेळी शेकडो वैमानिक एकदम बाजारात आले आणि नुकताच परवाना काढलेली पोरं रांगेत आणखी मागे गेली. २०२३मध्ये डीजीसीएने १,६००हून जास्त व्यावसायिक परवाने दिले. तेवढ्या सगळ्यांना त्याच वर्षी कॉकपिट मिळत नाही. अशा वेळी ज्याच्याकडे परवाना आहे पण पदवी नाही, तो कागदावर बारावी पास असतो. त्याला जीपीएससीचा, म्हणजे गोवा लोकसेवा आयोगाचा, पदवीधर पदाचा फॉर्म भरता येत नाही, बँकेची परीक्षा देता येत नाही, एमबीए करता येत नाही. गोव्यात असा माणूस घरी बसला की शेजारीपाजारी काय बोलतात ते तुला वेगळं सांगायला नको.

पदवी हवी ती एवढ्यासाठी. आणि एवढ्यासाठीच हवी असेल तर ती विमानाची कशाला? साधी बीएस्सी घे, फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही राहतील अशी. मिरामारचं धेंपे, मडगावचं चौगुले, किंवा तुला रोज येऊन-जाऊन जमेल असं जवळचं कॉलेज. सरकारी किंवा अनुदानित कॉलेजची फी त्या विद्यापीठाच्या शेजारी ठेवलीस तर तुला हसू येईल.

या पदवीचा तुझ्यासाठी आणखी एक उपयोग आहे, तो सेमिनारमध्ये कुणी सांगितला नसणार. विमानतळ प्राधिकरण हवाई वाहतूक नियंत्रक भरतं, म्हणजे टॉवरमध्ये बसून विमानांना वाट देणारे. त्या ज्युनिअर एक्झिक्युटिव्हच्या पदाला फिजिक्स-मॅथ्ससह नियमित बीएस्सी किंवा इंजिनिअरिंगची पदवी मागतात. नुसतं 'एव्हिएशन' नाव असलेली पदवी तिथे अडू शकते, आणि 'नियमित' हा शब्द असल्यामुळे दूरशिक्षणाचीही. (दाबोळीचा टॉवर नौदल सांभाळतं, तेव्हा तिथे बसायची स्वप्नं रंगवू नकोस. मोपा आहे, देशभरचे विमानतळ आहेत.) पायलटची वाट अडली तर ही नोकरी विमानांच्या सर्वांत जवळची आहे आणि तिला घरचा एक पैसा लागत नाही.

पपांच्या वाटेत एक तोटा आहे, तोही सांगतो. एअरलाइनमध्ये ज्येष्ठता रुजू झाल्याच्या तारखेवर चालते. तीन वर्षं उशिरा लागलीस तर कॅप्टनच्या खुर्चीत तेवढी उशिरा बसशील. वैमानिक पासष्टाव्या वर्षापर्यंत उडवू शकतो, म्हणजे ती तीन वर्षं शेवटची, चांगल्या पगाराची, जातात. म्हणून ही वर्षं नुसती कॉलेजला देऊ नकोस. पहिल्या वर्षात दोन्ही तपासण्या. पेपर देण्यासाठी लागणारा डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर काढ. त्याला दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची पडताळणी लागते, तेव्हा गोवा बोर्डाचं काम आधीच करून ठेव. मग कॉलेज करत करत एकेक पेपर. पास झालेल्या पेपरना मुदत असते, म्हणून पहिल्याच वर्षी सगळे उरकायची घाई नको. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सुरू कर, तिसऱ्यात संपव.

हवामानशास्त्रापासून सुरुवात कर, असं मी सगळ्यांना सांगतो. तुला तर सांगायलाच नको. समुद्रावरून आलेला ढग सह्याद्रीला अडून वर चढतो, थंड होतो आणि ओततो, हे पुस्तकात आकृती काढून शिकवतात. तू ते वाळपईच्या पडवीत बसून दर जूनमध्ये बघतेस. पणजीला रिमझिम असताना तुमच्याकडे धो-धो का, एवढं उत्तर नीट लिहिता आलं तर त्या पेपरचा एक धडा झाला. नेव्हिगेशन मात्र घाम काढतं. वारा आडवा असताना नाक कुठे धरायचं आणि विमान कुठे जाणार, याची गणितं घड्याळ लावून सोडवावी लागतात. ज्यांचा हात बारावीनंतर गणितातून सुटतो ते तिथे आपटतात. बीएस्सीच्या बाजूने हेही एक कारण धर.

हल्ली नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवी मध्ये थांबवून पुन्हा सुरू करायची सोय आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, श्रेयांक जमा राहतात. दोन वर्षांनी पेपर हातात असतील आणि चांगल्या फ्लाइंग स्कूलमध्ये जागा मिळत असेल तर ही सोय वापरायचा विचार कर. प्रवेश घेतानाच प्राचार्यांना विचारून ठेव की परत येताना काय लागेल.

आता कुळागर.

तुझ्या आजीचं मन मोठं आहे. पण आजोबा हयात नसतील तर ते कुळागर आजीच्या एकटीचं नाही. आपल्या गोव्याच्या कायद्याने अर्धा हिस्सा तिचा, उरलेला अर्धा वारसांचा, म्हणजे पपा, काका, आत्या सगळे. विवाहित वारसांच्या नवरा-बायकोच्या सह्याही लागतात. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कोर्टातली वाटणी, झाली नसेल तर बँक तो कागद हातात धरणार नाही. शिवाय सत्तरीत कसणारा एक आणि कागदावर भलताच, असं कितीतरी ठिकाणी आहे. आधी जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा काढून त्यावर कुणाची नावं आहेत ते बघा. नावं जुळली नाहीत तर पुढची चर्चाच नको, आणि आत्याला विचारल्याशिवाय तर मुळीच नको. पायलट होण्याआधी घरात दोन चुली होतील.

नावं जुळली, सगळे तयार झाले, असं धर. आज भारतात परवान्यापर्यंतचा खर्च साधारण ४५ ते ६० लाखांच्या घरात जातो. टाइप रेटिंगचे १५-२० लाख वेगळे. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका सहसा तारण मागतात. समजा ५० लाख कर्ज, १० टक्के व्याज, दहा वर्षांची फेड. महिन्याचा हप्ता ६६ हजारांच्या आसपास. शिकत असतानाही व्याज चढतच असतं. पूर्ण रक्कम उचलल्यावर महिन्याला चाळीस हजारांहून जास्त. पपांच्या पगाराच्या पावतीशेजारी हा आकडा ठेवून तिघांनी एकदा बसा. परवाना मिळाल्यावर वर्षभर नोकरी लागली नाही तर हप्ता कोण भरणार, याचं उत्तर 'लागेल नोकरी' हे नाही.

गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना आहे. पपांबरोबर त्यांच्या कचेरीत जा, फ्लाइंगचं प्रशिक्षण त्यात बसतं का, किती रक्कम मिळते, ते लेखी विचार. व्याज वाचलं तरी घराचा श्वास मोकळा होतो. सरकारी संस्थांमध्ये उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी आहे. तिची स्वतःची प्रवेश परीक्षा असते, ती देऊन बघ. बारावीचं गणित-फिजिक्स ताजं आहे तोवर दिलेली बरी.

आणि कर्जाचा क्रम असा ठेव : क्लास वन हातात, पेपर पास, मग कुळागराचा विषय. एवढं झाल्यावर आजी पुन्हा तेच म्हणाली तर मी तिला अडवणार नाही. तोवर तुझ्या शिक्षणाला काही हजारांच्या वर पैसे लागायचे नाहीत.

फ्लाइंग स्कूल निवडायला तुला दोनेक वर्षं आहेत, म्हणून त्यावर आज थोडंच लिहितो. दाबोळी नौदलाचा तळ आहे, मोपाला प्रवासी विमानांची वर्दळ. शिकाऊ विमानांना दिवसभर घिरट्या घालायला जरा मोकळं आकाश लागतं. तुला बेळगाव, बारामती, धुळे, गोंदिया असा विचार करावा लागेल. बेळगावचं सांबरा तर चोर्ला घाट चढलीस की आलंच. डीजीसीएने २०२५पासून फ्लाइंग स्कूलना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही, यावरून काय ते समज. यादी बघ, पण त्यावर थांबू नकोस. तिथल्या मेसमध्ये जेवायला जा आणि जुन्या पोरांना एकच विचार, "गेल्या महिन्यात किती तास उडवलंस?" विमानं दहा आणि चालू चार, इन्स्ट्रक्टर सोडून गेलेला, पावसाळाभर बसून, अशी उत्तरं आली तर बाहेर पड. दीड वर्षात व्हायचे २०० तास तीन-तीन वर्षं लांबलेली पोरं मी बघितली आहेत. खोलीचं भाडं आणि व्याज तोवर चालूच राहतं. फी एकरकमी कधीच देऊ नकोस, जेवढे तास उडवले तेवढे पैसे, असं लेखी करून घे.

मुलगी म्हणून काही अडेल का, असं तू विचारलं नाहीस, बरं वाटलं. भारतात वैमानिकांत बायकांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे, जगाच्या सरासरीच्या जवळजवळ तिप्पट.

राहिली मोपाची नोकरी. वाळपईहून मोपा रोजचं नाही, आणि ग्राउंड स्टाफला पाळ्या असतात. कॉलेजबरोबर ते जमणार नाही. तिथे काम केल्याने उड्डाणाचा एक तासही तुझ्या खात्यात जमा होत नाही, हेही लक्षात ठेव. कॉलेज सुरू होईपर्यंत मात्र धरायला हरकत नाही. पेडण्याला कुणी नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे राहा, आणि किती दिवस करणार ते मुलाखतीतच खरं सांग. घेतलं तर पहिल्या पगारातून क्लास टू तपासणीची फी भर.